पार्टटाईम सिस्टर ठेवायच्या की बंद करायच्या? (मिरज, ५० बेड)

मिरजेचा अ‍ॅडमिन:

नमस्कार मंडळी. मी मिरजेत एका ५० बेडच्या हॉस्पिटलात अ‍ॅडमिनचं काम बघतो. नाव सांगत नाही, आणि मिरजेत दर दोन बिल्डिंगआड एक हॉस्पिटल आहे त्यामुळं ओळखायच्या भानगडीत पडू नका.

आमच्याकडं सिस्टर-ब्रदर धरून २६ रेग्युलर आहेत आणि ११ पार्टटाईम. पार्टटाईममध्ये तिघी रिटायर्ड, पाच जणींची पोरं लहान, दोघी पोस्ट बेसिक (नर्सिंगचा पुढचा डिग्री कोर्स) करतायत, आणि एक जण दुसरीकडं नाईट मारून सकाळी आमच्याकडं येते असा मला संशय आहे पण ती कबूल होत नाही. सरासरी आठवड्याला तीन ड्युट्या करतात. शिफ्ट ८ ते २, २ ते ८ आणि रात्री ८ ते सकाळी ८.

आता झालं काय ते सांगतो. मागच्या महिन्यात एक शुगरचा पेशंट होता, संध्याकाळी जेवणाआधी इन्सुलिन २० युनिट. आमच्याकडं ४० ची (एका मिलीत ४० युनिट) बाटली असते आणि लाल टोपणाची ४० ची सिरिंज. त्या दिवशी लाल सिरिंजा संपलेल्या, मावशी खालच्या मेडिकलमधनं केशरी टोपणाची १०० ची (म्हणजे मिलीला १०० युनिटच्या बाटलीसाठीची) घेऊन आली. ड्युटीला पार्टटाईम सिस्टर. तिच्या आधीच्या हॉस्पिटलात बाटली पण १०० ची आणि सिरिंज पण १०० ची, त्यामुळं तिच्या हाताला केशरीचीच सवय. तिनं २० च्या रेघेपर्यंत भरलं आणि दिलं. म्हणजे पेशंटला गेलं २० ऐवजी ८ युनिट. सकाळी शुगर ३६०. सकाळच्या रेग्युलर सिस्टरला ट्रेमध्ये केशरी टोपण पडलेलं दिसलं म्हणून उलगडा तरी झाला, नाहीतर डॉक्टरांनी डोसच वाढवला असता.

पेशंटला काही झालं नाही, देवाची कृपा. पण त्या दिवसापासनं वॉर्डात दोन पार्ट्या झाल्यात. रेग्युलरवाल्या म्हणतात ह्या येतात, सहा तास काढतात आणि जातात, निस्तरायचं आम्ही. पार्टटाईमवाल्या म्हणतात आम्हाला कुणी काही सांगतच नाही. आणि मोठे सर म्हणतात एक तारखेपासनं पार्टटाईम सगळ्या बंद.

तुमच्याकडं कसं करतात? अनुभव असलेल्यांनीच बोला प्लीज.

मेट्रनबाई सांगली:

३४ वर्षं नोकरी झाली, त्यातली ९ मेट्रन (सगळ्या सिस्टरांची प्रमुख) म्हणून, आता घरी. बोलायचा हक्क आहे असं समजते.

आधी तुमच्या सरांना एक हिशोब दाखवा. वॉर्डातली एक जागा चोवीस तास भरायची तर आठवड्याला २१ ड्युट्या होतात. एक सिस्टर ६ करते. म्हणजे एका जागेला साडेतीन सिस्टर. त्यावर रजा, आजारपण, बाळंतपण ह्यासाठी ३० टक्के जास्त धरायचे, नर्सिंग कौन्सिलचा लीव्ह रिझर्व्ह तेवढाच सांगतात. झाल्या साडेचारच्या वर. आता तुमच्या ५० बेडला प्रत्येक शिफ्टला किती जागा लागतात ते सांगा, मग पुढं बोलू. आणि नाईट बारा तासांची आहे, तिची दमणूक दिवसाच्या सहा तासांबरोबर मोजू नका.

मिरजेचा अ‍ॅडमिन:

आयसीयूला २, जनरलला ३, स्पेशल रूमला १, कॅज्युअल्टीला १. सात. रात्री ओढूनताणून सहावर भागवतो पण धरा सातच.

मेट्रनबाई सांगली:

सात गुणिले साडेचार नि थोडं वर, जवळपास ३२ माणसं. तुमच्याकडं २६. तुमच्या ११ जणी तीन-तीन ड्युट्या करतात म्हणजे ३३ ड्युट्या, म्हणजे साडेपाच सिस्टर. २६ आणि साडेपाच, साडेएकतीस. पार्टटाईम ही तुमच्याकडं वरची मलई नाहीये, तुमचं भांडं तेवढ्यावर काठोकाठ भरलंय. काढा म्हणावं एक तारखेला, पाच तारखेला रेग्युलर डबल ड्युट्या करायला लागतील आणि दहा तारखेला त्यातल्या दोघी सोडून जातील. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

इन्सुलिनचं म्हणाल तर त्या पोरीला ओरडण्याआधी मला सांगा, दुपारी २ ला तिनं ओव्हर (आधीच्या सिस्टरकडनं पेशंटची माहिती नि चार्ज) घेतली का? कुणाकडनं? बेडजवळ उभं राहून घेतली का काउंटरवर वहीत सही करून?

भडंगप्रेमी:

मी डॉक्टर पण नाही सिस्टर पण नाही, तरी बोलतो 😀 आमची आई गेल्या वर्षी आठ दिवस ॲडमिट होती. मला तर रेग्युलर कोण नि पार्टटाईम कोण कळलंच नाही, कळलं ते एवढंच की एका सिस्टरला शेजारच्या बेडवरच्या अथणीच्या आजीशी कन्नडमध्ये बोलता येत होतं आणि बाकी सगळे त्या आजीला मोठ्यांदा मराठीत विचारत होते, जसं काय मोठ्यांदा बोललं की कन्नड माणसाला मराठी कळतं. ती सिस्टर आठवड्यात तीनच दिवस यायची. ती नसली की आजी जेवायची नाही.

तासगावची सिस्टर:

मी पार्टटाईम आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), १२ वर्षांचा अनुभव, त्यातला ४ वर्षं आयसीयू. मुलगी दुसरीत गेली तेव्हा रेग्युलर सोडली कारण नवऱ्याची पण शिफ्ट आणि सासूबाईंचे गुडघे गेलेत.

मी दुपारची २ ते ८ करते. घरनं साडेबाराला निघते, एसटी मिळाली तर एसटी नाहीतर वडाप. दीड-पावणेदोनला पोचते. ओव्हर द्यायला सकाळच्या सिस्टर थांबतात का तर नाही, त्यांचं पण बरोबर आहे त्यांना पोरं शाळेतनं आणायची असतात. मग काय, वही वाचायची. वहीत काय असतं? "जनरल कंडिशन स्टेबल, सीटी ऑल" (म्हणजे सगळी औषधं आहेत तशीच चालू). ह्याच्यावर मी १४ पेशंट सांभाळायचे. कुणाचं कॅथेटर कधी बदललं, कुणाला काल रिअ‍ॅक्शन आली, कोणता नातेवाईक भांडखोर आहे, ह्यातलं काही वहीत नसतं, ते तोंडानंच सांगायचं असतं.

आणि रात्री ८ ला नाईटवाली येते ८:२० ला. मी मात्र पेशंट सोडून जाऊ शकत नाही, नीट ओव्हर देऊन निघेपर्यंत पावणेनऊ. तोवर एसटी गेलेली असते. पगार सहा तासांचा. घरी पोचते तेव्हा पोरगी झोपलेली असते.

लॉकर नाही, पर्स ड्रेसिंग रूममध्ये ट्रॉलीच्या खाली ठेवते. डबा खायला जागा आहे पण तिथं रेग्युलरचा ग्रुप बसतो. आणि हाक काय मारतात माहितीय का, "ए पार्टटाईम, चार नंबरला बघ." माझं नाव आहे हो. बिल्ल्यावर लिहिलेलं पण आहे.

ती इन्सुलिनची चूक मी केली नाहीये पण माझ्याकडनं कधीही होऊ शकली असती हे मात्र खरं.

मिरजेचा अ‍ॅडमिन:

ताई, तुम्ही आमच्याकडच्या तर नाही ना? कारण आमच्याकडं पण पर्स ट्रॉलीखालीच ठेवतात 😔

तासगावची सिस्टर:

नाही दादा. पण ट्रॉली सगळीकडं सारखीच असते.

डॉक्टर घाटमाथा:

मी तालुक्याच्या गावी १५ बेडचं चालवतो. तुम्ही मिरजवाले नशीबवान, तुमच्याकडं निदान पार्टटाईमला तरी जीएनएम मिळतात. आमच्याकडची पोरगी जीएनएम झाली की पुणे नाहीतर गल्फ. मग आम्ही काय करायचं? दहावी-बारावी झालेल्या पोरी ठेवतो, सहा महिन्यांत सलाईन लावायला शिकतात, हुशार असतात. एक क्वालिफाईड सिस्टर दिवसाला, रात्री ह्या. लोकं नावं ठेवतात पण रात्री दोन वाजता पेशंट आला की घेतो कोण? आम्हीच.

मेट्रनबाई सांगली:

डॉक्टर, राग मानू नका, पण सलाईन लावता येणं म्हणजे नर्सिंग नाही. सलाईन लावल्यावर पेशंट थरथरायला लागला तर काय करायचं हे कळणं म्हणजे नर्सिंग. एएनएम दोन वर्षं आणि जीएनएम तीन वर्षं शिकतात ती सुई टोचायला नाही. पांढरा ड्रेस घालून रात्री वॉर्डात उभी केली तर नातेवाईकांना ती सिस्टरच वाटते, ही फसवणूक आहे. आणि काही वाईट झालं तर ती पोरगी अडकते, तिच्याकडं रजिस्ट्रेशन नाही काही नाही.

ह्या मिरजेत डॉ. वॉन्लेसनी १८९४ ला मिशन हॉस्पिटल उभं केलं तेव्हा घराबाहेर नोकरीला येणाऱ्या बायका मिळणं किती अवघड असेल बघा, आणि तरी त्यांनी नर्सिंग शिकवायला घेतलं. आज सव्वाशे वर्षांनी आपण बारावीच्या पोरीला रात्री आठला वॉर्ड देतोय.

डॉक्टर घाटमाथा:

बाई तुमचं बरोबर आहे, पण तुम्ही इथं या आणि एक जीएनएम शोधून द्या, मी उद्या ठेवतो. राहायला खोली पण देतो.

मेट्रनबाई सांगली:

खोली देताय ना? मग रिटायर्ड सिस्टर शोधा. आमच्या बॅचच्या निम्म्या जणींना घरी बसून कंटाळा आलाय. रात्रभर नको म्हणतील, पण आठवड्याला दोन-तीन दिवस येतील आणि तुमच्या त्या पोरींना निदान काय करायचं नाही एवढं तरी शिकवतील. पार्टटाईमचा खरा उपयोग तुम्हाला आहे.

हिशोबनीस:

मी चार-पाच हॉस्पिटलांचं पगारपत्रक करतो. अ‍ॅडमिन साहेब, तुम्ही पार्टटाईमवाल्यांचा पीएफ भरता का? बहुतेक ठिकाणी काय करतात तर त्यांना "प्रोफेशनल" दाखवतात, फी म्हणून पैसे देतात आणि १० टक्के टीडीएस कापतात. म्हणजे पीएफ नको, ईएसआय (कामगार विमा) नको, रजा नको. पण बाई जर तुमच्या रोस्टरप्रमाणं येते, तुमचा ड्रेस घालते, तुमच्या इनचार्जचं ऐकते तर ती कसली प्रोफेशनल? २० माणसांच्या वर आस्थापना गेली की पीएफ लागतो आणि पार्टटाईम म्हणून त्यात सूट नाही. तपासणी आली तर मागचं सगळं व्याजासकट काढतात, मग मोठे सर मलाच फोन करतात.

ईएसआयची मर्यादा महिना २१ हजार आहे, पार्टटाईमचा पगार त्याच्या आतच असतो, म्हणजे उलट त्यांनाच त्याचा जास्त उपयोग. बाळंतपणाचं पण तसंच, बारा महिन्यांत ८० दिवस काम भरलं की हक्क लागतो, पार्टटाईम आहे म्हणून जात नाही. आठवड्याला तीन ड्युट्या म्हणजे वर्षाला दीडशे होतात, करा हिशोब.

अजून एक, बायकांना महिना २५ हजारापर्यंत प्रोफेशनल टॅक्स नाही, २०२३ पासून. तरी मला अजून दोन ठिकाणी २०० रुपये कापलेले दिसले. विचारलं तर म्हणे सॉफ्टवेअर जुनं आहे.

ब्रदर कुपवाड:

पैशाचं जाऊ द्या हो, सुई टोचली तर काय ते विचारा. आमच्याबरोबर एक पार्टटाईम सिस्टर होती, रिकॅप करताना सुई बोटात गेली, पेशंटचा रिपोर्ट माहीत नाही. ऑफिसमधनं उत्तर काय तर तुम्ही आमच्या रोलवर नाही, तुम्ही सिव्हिलला जाऊन बघा. तिला वाटलं ड्युटी संपवून जाऊ. मी जबरदस्तीनं गाडीवर घातली. एचआयव्हीचं औषध जितक्या लवकर तितकं चांगलं, दोन तासांत सुरू झालं तर उत्तम, ७२ तास उलटले की उपयोग नाही. पुढं २८ दिवस गोळ्या. तिनं पूर्ण केल्या, उलट्या करत करत ड्युटी केली कारण ड्युटी नाही तर पैसे नाहीत. रिपोर्ट निगेटिव्ह आले.

ज्याला पार्टटाईम ठेवताय त्याला पहिल्या दिवशी हिपॅटायटिस बी चे तीन डोस झालेत का विचारा. शून्य, एक आणि सहा महिने. निम्म्या लोकांचा तिसरा राहिलेला असतो कारण सहा महिन्यांत हॉस्पिटल बदललेलं असतं.

आणि रिकॅप करू नका रे बाबांनो.

भडंगप्रेमी:

रिकॅप म्हणजे काय?

ब्रदर कुपवाड:

वापरलेल्या सुईला परत टोपण लावणं. ती तशीच कट करून पांढऱ्या डब्यात टाकायची असते. टोपण लावायला गेलं की हमखास दुसऱ्या हाताच्या बोटात.

मेट्रनबाई सांगली:

अ‍ॅडमिन, माझा प्रश्न राहिला. ओव्हर.

मिरजेचा अ‍ॅडमिन:

बाई, आज इनचार्जना घेऊन बसलो आणि विचारलं. त्या दिवशी ओव्हर झालीच नव्हती. सकाळची सिस्टर १:५० ला गेली कारण तिची पंच करायची वेळ २ ची आहे पण बस १:५५ ला. ही आली २:०५ ला. मधल्या १५ मिनिटांत वॉर्डात मावशी एकटी होती. सिरिंजा संपल्यात हे सकाळच्या सिस्टरला माहीत होतं, तिनं स्टोअरला चिठ्ठी पण पाठवली होती. चिठ्ठीवर नुसतं "इन्सुलिन सिरिंज ५" असं लिहिलेलं. ४० का १०० काही नाही.

मेट्रनबाई सांगली:

बघा. म्हणजे चूक रेग्युलरची पण, स्टोअरची पण, मेडिकलवाल्याची पण, आणि मेमो मिळाला असणार फक्त पार्टटाईमला.

हे उलटं झालं असतं तर काय झालं असतं ते सरांना सांगा. बाटली १०० ची आणि सिरिंज ४० ची असती तर २० च्या रेघेला ५० युनिट गेले असते. पेशंट रात्रीत गेला असता. तेव्हा पार्टटाईम बंद करून काही होणार नाही, आधी एकाच प्रकारची बाटली आणि एकाच प्रकारची सिरिंज ठेवा, दुसऱ्या रंगाचं टोपण बिल्डिंगमध्ये येताच कामा नये. आणि इन्सुलिन, हिपॅरिन (रक्त पातळ करायचं औषध), पोटॅशियम ह्या तीन गोष्टी दोघींनी बघितल्याशिवाय द्यायच्या नाहीत, मग ती रेग्युलर असो का माझ्यासारखी म्हातारी.

दुसरं, एका पार्टटाईमला एकच वॉर्ड द्या. आज आयसीयू, परवा जनरल, शुक्रवारी कॅज्युअल्टी असं फिरवू नका. जिथं माणूस कमी पडतो तिथं पार्टटाईमला ढकलायची सवय सगळ्या इनचार्जना असते, मलाही होती. तिला वॉर्डातला क्रॅश कार्ट (इमर्जन्सीच्या औषधांची ट्रॉली) कुठं आहे हे अंधारात पण माहीत असलं पाहिजे. ते आठवड्याला तीन दिवसांत पण होतं, पण वॉर्ड तोच असला तर.

तिसरं, ओव्हरचे पैसे द्या. अर्धा तास.

मिरजेचा अ‍ॅडमिन:

तिसरं अवघड आहे बाई. दिवसाला तीन ओव्हर, सात जागा, अर्धा अर्धा तास. सर कॅल्क्युलेटर काढतील.

हिशोबनीस:

काढू दे की. दिवसाला साडेदहा तास होतात, म्हणजे पावणेदोन ड्युट्यांचा पगार. एका चुकीच्या केसमध्ये वकिलाची पहिली फी ह्याच्या वर जाते.

ब्रदर कुपवाड:

आणि रेग्युलरना पण द्या, नुसतं पार्टटाईमला दिले तर उद्या आम्ही भांडू 😀

खरं सांगू का, भांडण पैशाचं कमी आणि रोस्टरचं जास्त असतं. पार्टटाईमला रविवार नको, नाईट नको, गौरीला नको. मग रविवार, नाईट आणि गौरी कुणाच्या वाट्याला? आमच्या. ताई, तुमचं दुःख कळतं पण आमच्या घरी पण गणपती बसतो.

तासगावची सिस्टर:

भाऊ, हे मान्य. मी आमच्या इनचार्जना स्वतःहून सांगितलंय की महिन्यातले दोन रविवार माझे, गौरी पण करते. फक्त गणपतीच्या दुसऱ्या दिवशी रथोत्सव असतो आमच्या तासगावात, त्या दिवशी सुट्टी पाहिजे, रथ ओढायला अख्खं गाव असतं आणि बाहेरनं गाडी आत पण येत नाही. ते आधी लिहून दिलंय. आधी लिहून घेतलं की कुणाला राग येत नाही. राग येतो तो आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर "उद्या जमणार नाही" आलं की.

मेट्रनबाई सांगली:

शाब्बास. ठरलेले वार, ठरलेली शिफ्ट, आणि वर्षाचे सणवार जूनमध्येच लिहून घ्यायचे.

आणि ब्रदर, २०१९ चा महापूर आठवतो का? आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. भिलवडी, सांगलवाडीकडच्या आमच्या रेग्युलर पोरी घरात नाहीतर शाळेच्या वर्गात अडकलेल्या. वॉर्ड कुणी चालवला? गावातच चालत येण्याइतक्या अंतरावर राहणाऱ्या चार पार्टटाईम बायकांनी. एक तर सहा महिन्यांचं बाळ आईकडं ठेवून सलग तीन दिवस राहिली. तेव्हा कुणी तिला पार्टटाईम म्हणून हाक मारली नाही.

ब्रदर कुपवाड:

आठवतो. खिचडी खाऊन तीन दिवस काढलेले. बरं, माघार.

मिरजेचा अ‍ॅडमिन:

आणि ती दुसरीकडं नाईट करणारी, तिचं काय करू?

मेट्रनबाई सांगली:

दार बंद करून, चहा देऊन विचारा. पोटासाठीच करत असणार. नाईट करून सकाळी येत असेल तर तिला सकाळ देऊ नका, संध्याकाळ द्या, मधे सहा तास झोपू दे. दुसरीकडं कुठं काम करते ते लेखी घ्या सगळ्यांकडनं. आणि सरकारी नोकरीतली असेल तर सरळ नको म्हणा, त्यांना परवानगीशिवाय बाहेर काम करता येत नाही, १९७९ च्या वर्तणूक नियमांत आहे, तिच्यावर कारवाई होईल. जाता जाता सगळ्यांचं कौन्सिलचं रजिस्ट्रेशन पण बघा, पाच वर्षांनी रिन्यू लागतं आणि पार्टटाईमवाल्यांचं हमखास संपलेलं असतं कारण ट्रेनिंगचे तास भरायला त्यांना कुणी पाठवतच नाही.

मिरजेचा अ‍ॅडमिन (दीड महिन्यानं):

मंडळी, धागा वर काढतोय. काय झालं ते सांगतो.

पार्टटाईम बंद झाल्या नाहीत. मेट्रनबाईंचा ३२ चा हिशोब मी कागदावर लिहून सरांच्या टेबलावर ठेवला, दोन दिवस काही बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले ठीक आहे. केशरी सिरिंजा बिल्डिंगमध्ये बंद, खालच्या मेडिकलवाल्याला पण लेखी दिलंय. वॉर्ड फिक्स केले. मेमो मागं घेतला, पण ती सिस्टर तोवर सोडून गेली होती, मी फोन केला तर म्हणाली बघते. अजून बघतेच आहे.

ओव्हरचे पैसे अर्ध्या तासाचे नाही, २० मिनिटांचे मंजूर झाले. ओव्हर बेडजवळच द्यायची आणि दोघींनी तिथंच सही करायची. पहिल्याच आठवड्यात एका पेशंटची पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी त्यातनं निघाली, फाईलवर नव्हती, नातेवाइकानं सकाळच्या सिस्टरला तोंडी सांगितलेली.

नाईटवाली कबूल झाली. रडली. तिला संध्याकाळ दिली.

पीएफचं सर म्हणतात मार्चनंतर बघू. हिशोबनीस साहेब, मला तुमचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) करा.

लॉकर आणले. अकरा पाहिजे होते, दहा आलेत, एकाची किल्ली लागत नाही.

तासगावची सिस्टर:

दादा, ओव्हर २० मिनिटं केली हे चांगलं केलं, पण नाईटवाल्यांना ७:४० ला बोलवा. ८ ला बोलवलं तर ती २० मिनिटं परत आमच्याच एसटीतनं जातात.

मिरजेचा अ‍ॅडमिन:

हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्या नोटीस लावतो.